'एटी-सिक्स' कुठून आलं, आणि किचनमधल्या अशा गोष्टी खऱ्या धरायच्या का

आधी प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात सांगतो. विचारणारे नुकतेच एका रेस्टॉरंटमध्ये स्टुअर्ड म्हणून लागलेत, शेफ पासवरून (तयार प्लेट जिथून वाढायला उचलतात त्या काउंटरवरून) "एटी-सिक्स सूप!" असं ओरडला, ह्यांना वाटलं ८६ नंबरच्या टेबलचं सूप आहे आणि हे टेबल शोधत बसले. नंतर कळलं की एटी-सिक्स म्हणजे तो पदार्थ संपला, मग हा आकडा आला कुठून असं सिनियर लोकांना विचारलं तर तीन जणांनी तीन उगम सांगितले. एक म्हणाला कबर आठ फूट लांब आणि सहा फूट खोल असते म्हणून, दुसरा म्हणाला न्यूयॉर्कमधल्या एका चोरट्या बारचा पत्ता, तिसरा म्हणाला सुपाच्या भांड्यात ८५ वाट्या बसायच्या म्हणून ८६ वा आला की संपलं. आता ह्यांचा प्रश्न असा की यातलं खरं कुठलं, आणि टिप, मेनू, बिस्ट्रो, पाव अशा रोजच्या शब्दांबद्दलही जे किस्से ऐकू येतात ते तपासायचे कसे.

मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये होतो, आता नव्या पोरांना शिकवतो, आणि शब्द कुठून आले हे खणायचा मला जुना नाद आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझ्या मते यात दोन प्रश्न एकात मिसळलेत. एक म्हणजे शब्दाचा उगम आणि दुसरा म्हणजे शब्दाला चिकटलेली गोष्ट. गोष्ट बहुतेक वेळा शब्दानंतर जन्माला येते, कारण माणसाला "असंच म्हणतात" हे उत्तर पचत नाही. किचनमध्ये तर नवीन पोरगा विचारतो आणि सिनियरला "माहीत नाही" म्हणणं कमीपणाचं वाटतं, मग जे सुचेल ते सांगितलं जातं, तो पोरगा पुढं सिनियर होतो आणि तेच सांगतो, असं करत करत ती गोष्ट इतिहास होऊन बसते. तुमच्या तीन सिनियर्सपैकी कोणीही मुद्दाम खोटं बोललेलं नाही, त्यांनाही कोणीतरी तसंच सांगितलंय.

आता ८६ घेऊ. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडा फाउंटन नावाचा प्रकार जोरात होता, म्हणजे काउंटरवर सोडा, आइस्क्रीम, थोडंफार खाणं. तिथं काम करणाऱ्या पोरांना सोडा जर्क म्हणायचे, कारण सोड्याच्या नळाचा दांडा झटका देऊन ओढायचा असायचा. या पोरांची एक स्वतःची बोली होती, आणि १९३३ साली वॉल्टर विंचेल या तिथल्या गाजलेल्या वार्ताहरानं आपल्या सदरात तिची छोटी यादीच छापली. त्यात ८६ म्हणजे "तो पदार्थ संपला". पण माझ्यासाठी महत्त्वाचं आहे ते त्या यादीत शेजारी काय आहे ते. ८१ म्हणजे पाण्याचा ग्लास. १३ म्हणजे मोठा साहेब आसपास फिरतोय, सावध राहा. त्याच काळातल्या दुसऱ्या याद्यांमध्ये ९५ सापडतो, म्हणजे गिऱ्हाईक पैसे न देता चाललंय, पकडा. म्हणजे ८६ हा एकटा दुकटा आकडा नव्हताच, तो आकड्यांच्या एका आख्ख्या सांकेतिक भाषेतला एक मेंबर होता, बाकीचे मेले आणि हा जगला एवढंच.

हे एकदा डोक्यात बसलं की कबर, सुपाचं भांडं, एम्पायर स्टेट बिल्डिंगचा ८६ वा मजला (तीही एक थिअरी आहे, तिथं बघायची गॅलरी आहे म्हणून) ह्या सगळ्या आपोआप पातळ होतात. कारण कबरीची गोष्ट खरी मानली तर मग ८१ चं काय? पाण्याच्या ग्लासासाठी कुठली कबर आणणार? जी गोष्ट फक्त एका आकड्याचं उत्तर देते आणि त्याच्या शेजारच्या आकड्यांकडं बघतच नाही तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

बारची गोष्ट मात्र जरा नीट बघायला हवी कारण ती सगळ्यात पसरलेली आहे आणि ऐकायलाही भारी आहे. चमलीज नावाचा बार, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, ८६ बेडफर्ड स्ट्रीट, १९२२ पासूनचा, दारूबंदीचा काळ. पोलीस यायच्या आधी फोन यायचा आणि गिऱ्हाइकांना ८६ नंबरच्या दारानं बाहेर काढायचे, असं सांगतात. बार खरा होता, पत्ता खरा आहे, तारीखही बसते, म्हणून लोक फसतात. पण अर्थ बघा ना. ह्या गोष्टीतून "माणसाला बाहेर काढणं" हा अर्थ निघतो, आणि ८६ चा तो अर्थ नंतरचा आहे. छापील पुराव्यात आधी येतो तो "पदार्थ संपला" हा अर्थ, नंतर मग नको असलेल्या गिऱ्हाइकालाही ८६ करायला लागले. म्हणजे गोष्ट नंतरच्या अर्थाला साजेशी आहे आणि आधीच्याला नाही, हे उलटं झालं. असो. अभ्यासकांना सगळ्यात पटणारा खुलासा साधा आहे, तो म्हणजे यमक. इंग्रजी बोलीत 'निक्स' म्हणजे काही नाही, नकार, तो जर्मन 'निख्ट्स'वरून आलेला, आणि निक्सला सिक्स जुळतं. शंभर टक्के सिद्ध आहे असं मी म्हणणार नाही, पण आकड्यांची बोली आणि यमक, दोन्ही मिळून ते बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त बसतं. त्यात ना पोलीस ना गुप्त दार, म्हणून ते कोणी सांगत नाही.

आता तुमचा दुसरा आणि जास्त कामाचा प्रश्न, तपासायचं कसं. माझी पहिली सवय म्हणजे तारीख बघणं. गोष्ट घडली म्हणतात ते साल आणि शब्द पहिल्यांदा लिहिलेला सापडतो ते साल, या दोन्हीमध्ये किती अंतर आहे. बिस्ट्रो, म्हणजे छोटं साधं रेस्टॉरंट, हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. गोष्ट अशी की १८१४ मध्ये नेपोलियनला हरवून रशियन सैनिक पॅरिसमध्ये घुसले, आणि खाणं लवकर आणा म्हणून "बिस्त्रो, बिस्त्रो" असं ओरडायचे, रशियनमध्ये त्याचा अर्थ लवकर. पॅरिसच्या माँमार्त्र भागात एका रेस्टॉरंटच्या भिंतीवर तर याची पाटीसुद्धा लावलेली आहे, ३० मार्च १८१४ अशी तारीख घालून. आता इतकी नेमकी तारीख बघितली की कोणालाही वाटेल पुरावाच आहे. पण फ्रेंचमध्ये बिस्ट्रो हा शब्द लिहिलेला सापडतो १८८४ च्या सुमाराला. मधली सत्तर वर्षं हा शब्द कुठं होता? पॅरिससारख्या शहरात, जिथं लोक खाण्यापिण्यावर पानंच्या पानं लिहीत होते, तिथं एक शब्द सत्तर वर्षं कोणाच्याच लेखणीत आला नाही, हे मला तरी पटत नाही. पाटी ही पाटी लावणाऱ्याच्या हौसेचा पुरावा असते, शब्दाचा नाही.

दुसरी सवय, आद्याक्षरांवरून शब्द बनला असं कोणी सांगितलं की कान टवकारायचे. टिप म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस', जुन्या कॉफी हाउसमध्ये अशी पाटी लावलेली पेटी असायची वगैरे, हे तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकलंच असेल, मीही ऐकलं होतं, अजूनही स्लाइडवर दाखवतात. पण टिप हे क्रियापद सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या चोरांच्या आणि भामट्यांच्या बोलीत 'देणे, हातात सरकवणे' या अर्थानं होतं, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते बक्षिशीला वापरायला लागले. आद्याक्षरं जोडून बोलायचे शब्द बनवायची पद्धत खरी फोफावली ती विसाव्या शतकात, दोन महायुद्धांमध्ये सैन्यानं आणि सरकारी खात्यांनी असे शब्द पाडले तेव्हा. त्याआधीच्या कुठल्याही जुन्या साध्या शब्दाला आद्याक्षरांची गोष्ट चिकटलेली दिसली तर ती बहुतेक मागाहून बसवलेली असते. चोरांच्या भाषेतून टिप आली हे मॅनेजमेंटला स्लाइडवर घालायला जरा अवघड जातं हेही खरं.

तिसरी सवय म्हणजे मघाशी ८६ ला केलं तेच, शब्दाचे शेजारी बघायचे. शब्द बहुतेक वेळा एकटा येत नाही, टोळीनं येतो. मराठीतला पाव घ्या. याच्या दोन गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, एक तर पीठ पायानं तुडवायचे म्हणून पाव, दुसरी म्हणजे लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव. पहिलीत गंमत अशी की तिच्यासाठी हिंदीतला 'पाँव' उसना आणावा लागतो, मराठीत तर आपण पाय म्हणतो. पण खरा निकाल लागतो शेजाऱ्यांवरून. पोर्तुगीजमध्ये ब्रेडला 'पाँव'सारखाच उच्चार असलेला शब्द आहे. आणि पोर्तुगिजांबरोबर मराठीत काय काय आलं ते बघा, बटाटा, काजू, कोबी, आणि तुम्ही ज्याची महिनाअखेरीला वाट बघता तो पगार, पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे चक्क 'पैसे देणे' असं क्रियापद आहे. एवढंच नाही, हेच पोर्तुगीज जपानला गेले आणि जपानी माणूस आजही ब्रेडला 'पान' म्हणतो. तिथं कोणी पायानं तुडवलं होतं का? म्हणजे पावाचा उगम आपल्या पायात किंवा चतुर्थांशात शोधण्याऐवजी तो ज्या जहाजातून उतरला त्यात आणखी कोण होतं एवढं बघितलं की काम झालं.

चहाचं पण तसंच आहे आणि ते मला फार आवडतं. जगातल्या बहुतेक भाषांमध्ये चहाला दोनच घराणी आहेत, एक 'चा'वालं आणि एक 'ते'वालं, दोन्ही मुळात चिनी. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर फूजियनच्या बोलीत 'ते' म्हणायचे आणि डच व्यापाऱ्यांनी माल तिथल्या लोकांकडून जहाजानं युरोपात नेला म्हणून इंग्लिश टी, फ्रेंच ते. जिथं माल जमिनीवरून मध्य आशियामार्गे गेला तिथं 'चा'चा चाय झाला, फारसी, रशियन, तुर्की, हिंदी सगळीकडे. आणि पोर्तुगीज चीनमधल्या मकाव बंदरातून माल उचलायचे, तिथं 'चा', म्हणून युरोपात असूनही ते 'शा' म्हणतात. म्हणजे नुसता शब्द ऐकून माल कुठल्या वाटेनं आला ते कळतं. केचप तर अजून गमतीशीर, तो दक्षिण चीनमधल्या होक्कियन बोलीतला मासे आंबवून केलेल्या सॉसचा शब्द, इंग्रजांनी तो उचलला आणि अळंबीचं, अक्रोडाचं केचप करत बसले, टोमॅटो त्यात आला एकोणिसाव्या शतकात. कोणी विचारलं की केचपमध्ये टोमॅटो हवाच का, तर इतिहास म्हणतो नको.

आता रेस्टॉरंट हा शब्दच घ्या, कारण यात शब्दाचा उगम खरा आणि त्याची गोष्ट डळमळीत असा प्रकार आहे. फ्रेंचमध्ये 'रेस्तोरे' म्हणजे पूर्ववत करणे, ताकद परत आणणे, आणि रेस्तोराँ हे आधी जागेचं नाव नव्हतंच, ते आजाऱ्याला किंवा अशक्त माणसाला द्यायच्या दाट रश्श्याचं नाव होतं. नंतर तो रस्सा विकणारी जागा आणि मग बसून खायची जागा, असा अर्थ सरकत गेला. इथपर्यंत ठीक. पण पुस्तकांमध्ये सर्रास लिहिलेलं असतं की १७६५ मध्ये पॅरिसच्या बूलांजे नावाच्या माणसानं पहिलं रेस्टॉरंट काढलं, त्यानं मेंढीच्या पायांचा सॉसमधला पदार्थ विकला म्हणून शिजवलेलं जेवण विकणाऱ्या खानसाम्यांच्या संघानं त्याच्यावर खटला घातला आणि तो जिंकला. इतिहासकार रेबेका स्पँग यांनी जुनी कागदपत्रं उलथीपालथी केली तेव्हा त्या खटल्याचा काहीच मागमूस सापडला नाही, उलट त्याच काळात रोज द शांतवाझो नावाचा दुसराच एक माणूस या धंद्यात पुढं होता असं त्यांनी दाखवलं. त्याचं नाव लांब आणि गोष्ट कमी चटकदार, म्हणून तो मागं पडला.

हे सगळं वाचून तुम्ही प्रत्येक गोष्टीला खोटं म्हणायला लागाल तर तेही चुकीचं. सँडविचचं बघा. सँडविचचा चौथा अर्ल जॉन माँटेग्यू हा खराच माणूस, आणि १७६२ मध्ये इतिहासकार गिबन यांच्या रोजनिशीत हा शब्द आलेला आहे, म्हणजे माणूस जिवंत असतानाच शब्द वापरात आहे, अंतर काहीच नाही. इथं तारखेची परीक्षा पास. तो जुगाराच्या टेबलावरून उठायचा नाही म्हणून असं खायचा, हे मात्र एका फ्रेंच प्रवाशानं लिहिलेलं ऐकीव आहे, त्याच्या चरित्रकाराला वाटतं की तो बहुधा कामाच्या टेबलावर बसून खात असणार, नौदलाचा कारभार सांभाळायचा बिचारा. म्हणजे शब्दाचा धनी खरा आणि जुगार हा मसाला. बऱ्याच वेळा असंच अर्धं अर्धं निघतं.

तुम्ही स्वतः स्टुअर्ड आहात म्हणून हेही सांगतो. 'स्टाय' म्हणजे डुकरांचा गोठा, म्हणून स्टुअर्ड म्हणजे मूळचा डुकरं राखणारा, असं कोणी चिडवलं तर मनावर घेऊ नका. जुन्या इंग्रजीतल्या त्या शब्दात पहिला भाग बहुधा घर किंवा दिवाणखाना असा आहे आणि दुसरा राखणारा, म्हणजे वाड्याचा कारभारी. स्कॉटलंडच्या राजाचा मोठा कारभारी हे पद ज्या घराण्याकडं वंशपरंपरेनं होतं तेच पुढं स्टुअर्ट म्हणून गादीवर बसलं. किचनमधली बाकीची पदं एवढी दिमाखदार नाहीत. भांडी घासणाऱ्याला फ्रेंच किचनमध्ये प्लाँजर म्हणतात, म्हणजे बुडी मारणारा. पासवर उभा राहून ऑर्डरी पुकारणारा तो अबॉयर, म्हणजे भुंकणारा, आणि ज्यानं फ्रायडेची रात्र काढलीये त्याला हे नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. वाइन देणारा सोमेलिए आज सुटाबुटात असतो, पण शब्द निघाला ओझ्याच्या जनावरांवरून, सरदारांचं सामान वाहून नेण्याची व्यवस्था बघणारा तो. शेफ म्हणजे डोकं, प्रमुख, इंग्रजीतला चीफ त्याचाच भाऊ. ही सगळी फ्रेंच नावं जगभर एकसारखी राहिली कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एस्कॉफिए या फ्रेंच शेफनी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमध्ये किचनची कामं विभागून ब्रिगेड पद्धत बसवली, ते १८७० च्या युद्धात सैन्याचे स्वयंपाकी होते, आणि मग ती पद्धत हॉटेलांबरोबर सगळीकडे गेली. इथंही शब्द टोळीनंच आले बघा.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे आणि नव्या माणसानं ती आधी समजून घ्यायला हवी. स्लँगचा अर्थ किचनप्रमाणे बदलतो. ८६ चंच बघा, एका ठिकाणी "८६ कांदा" म्हणजे कांदा संपला, दुसरीकडे तेच वाक्य म्हणजे या प्लेटमध्ये कांदा घालू नको. दोन्हींत फरक केवढा आहे! "फायर" म्हणजे बहुतेक ठिकाणी आत्ता शिजवायला घे, पण काही शेफ ऑर्डर नुसती वाचून दाखवतानाही फायर म्हणतात. मोठ्या हॉटेलांत फ्रेंच नावं जास्त, कॅफेत इंग्रजी जास्त, छोट्या जागेत कधीकधी आख्खी बोली मालकाच्या गावची. आणि जिथं ऑर्डरी स्क्रीनवर येतात तिथं पुकारणं कमी झालंय त्यामुळे असे बरेच शब्द तिथं कोणाला माहीतच नसतात. म्हणून पहिल्या दिवशी बावळट दिसलात तरी चालेल, पण आपल्या किचनमध्ये या शब्दाचा अर्थ काय हे शेफला किंवा जुन्या कॅप्टनला (वेटरांच्या प्रमुखाला) सरळ विचारा, इंटरनेटवरची यादी पाठ करून जाऊ नका.

आणि ही बोली टिकते का तर त्यामागं काम आहे, नुसती ऐट नाही. एक्झॉस्टचा आवाज, भांड्यांचा आवाज, हातात गरम ट्रे, अशा वेळी लांब वाक्य ऐकूच जात नाही. त्यात समोर गिऱ्हाईक बसलेलं असेल तर "सूप संपलं, कोणाला सांगू नका" असं ओरडता येत नाही, आकडा ओरडता येतो. जे शब्द आखूड, दुसऱ्या शब्दासारखे न ऐकू येणारे आणि बाहेरच्याला न कळणारे, ते जगतात. जुन्या डायनरमधली "ॲडम अँड ईव्ह ऑन अ राफ्ट" म्हणजे टोस्टवर दोन अंडी, असली लांबलचक गमतीदार नावं म्हणूनच आता फक्त यादीत वाचायला मिळतात.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर उगम नंतर बघा, या आठवड्यात आधी हे शब्द तोंडात बसवा. कोणाच्या मागून जाताना "बिहाइंड", वळणावर "कॉर्नर", गरम काही हातात असेल तर "हॉट", सुरी घेऊन चालत असाल तर "शार्प", आणि हे सगळं मोठ्यानं, लाजायचं नाही, कारण न बोलल्यामुळे भाजलेले हात मी खूप बघितलेत. "ऑल डे" ऐकलं तर त्याचा दिवसाशी काही संबंध नाही, सगळ्या टेबलांचे मिळून एकूण किती, असा त्याचा अर्थ, म्हणजे "सूप सिक्स ऑल डे" म्हणजे सध्याच्या सगळ्या केओटी (किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) धरून सहा सूप. शेफ "हँड्स" म्हणाला की प्लेट तयार आहे, जो मोकळा असेल त्यानं उचलायची. आणि ८६ ऐकलं की सगळ्यात आधी तुमच्या टेबलवर त्या पदार्थाची ऑर्डर चालू आहे का ते बघा, असेल तर गिऱ्हाइकाला लगेच जाऊन सांगा, आणि पर्याय काय द्यायचा ते पासवर विचारूनच जा.